पुस्तकाच्या पानात टाकलं तर चालेल का?

(आमच्या रेडिओवर झालेलं हे बोलणं. ज्या गटांना त्या दिवशी ऐकायला मिळालं नाही, त्यांच्यासाठी छापायला दिलं आहे.)

  हातातलं काम चालू राहू द्या. निवडत असाल तर निवडा, शिवत असाल तर शिवा, पण कान आमच्याकडे असू द्या.

आज आम्ही एका साध्या प्रश्नावर बोलणार आहोत. पुस्तक हातात घेतलं. दहा पानं वाचली, वीस वाचली. गोष्ट काही पुढे सरकेना. मग काय करायचं? नेटाने वाचत राहायचं, की मिटून परत द्यायचं?

तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय आहे? आवडलं तर वाचावं, नाही तर ठेवून द्यावं. आम्हालाही तसंच वाटत होतं. पण याच प्रश्नावरून आमच्या गटातली एक बाई वाचायचीच थांबली होती. म्हणून आधी ती हकिगत सांगतो.

आमच्या गटात महिन्याची बचत गोळा झाली, कर्जाचा हिशेब झाला, की अर्धा तास पुस्तकासाठी ठेवतो. दोन वर्षांमागे गणपतीला आमच्यातल्या एकीचे दीर मुंबईहून आले. त्यांनी दोन जाडजूड खंड आणून दिले. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही कादंबरी. आम्ही सात जणींनी ठरवलं, पहिला खंड एकेकीने तीन आठवडे ठेवायचा आणि पुढे द्यायचा. शिमग्यापर्यंत तो खंड सात घरं फिरून आला. बैठकीत विचारलं, किती जणींनी संपवला? दोघींनी. बाकी पाच जणी तीस-चाळीस पानांवर अडकल्या होत्या. एक म्हणाली, पाहुणे होते. एक म्हणाली, सुनेचं बाळंतपण होतं. आणि एक जण, शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी आमची वहिनी, ती म्हणाली, “बाय, माझी शाळा सातवीपर्यंत. पुस्तकं माझ्यासाठी नाहीत. मला पुढच्या खेपेला देऊ नका.”

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुढच्या बैठकीत ठरावाची वही वाचायची पाळी तिची होती. तिने वही शेजारणीकडे सरकवली. “तूच वाच, मी सही करते.” त्याच्या पुढच्या महिन्यात कर्जाच्या कागदावरही तिने न वाचता सही केली. पूर्वी हीच बाई प्रत्येक कागद उलटून पालटून बघायची. एका संथ पुस्तकाने तिला पटवून दिलं होतं की आपल्याला वाचता येत नाही.

तेव्हा आमच्या लक्षात आलं, की पुस्तक सोडणं ही चूक नव्हे. ते कशामुळे सोडतोय हे न बघता सोडलं, की सगळा दोष आपण आपल्या डोक्यावर घेतो. आजचं बोलणं त्यावरच आहे.

पानात वाढलेलं टाकू नये

लहानपणापासून आपल्याला एक शिकवण आहे. पानात वाढलेलं टाकायचं नाही. भाताचं एक शीत राहिलं तरी आजी डोळे वटारायची. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत ज्यांनी भाताची मेहनत केलीय, त्यांना ही शिकवण कुणी समजावून सांगायला नको.

पण आपण तीच शिकवण पुस्तकाच्या पानालाही लावतो. घेतलंय तर संपवायलाच पाहिजे. नाही संपवलं तर अपराध्यासारखं वाटतं. मग ते पुस्तक उशाशी पडून राहतं. तेही वाचून होत नाही आणि दुसरंही हातात घेववत नाही. असे दोन-चार महिने गेले की वाचायची सवयच मोडते.

जरा विचार करा. टाकलेला भात वाया जातो. अर्धं सोडलेलं पुस्तक वाया जात नाही. ते परत कपाटात जातं आणि दुसरीच्या पुढ्यात पहिल्यासारखंच भरलेलं येतं. वाया जातो तो आपला वेळ. सहाशे पानांचं पुस्तक रोज दहा पानं वाचलं तर साठ दिवस लागतात. दोन महिने. चूल, गुरं, शेत, पोरं, गटाची कामं यांतून काढलेले ते अर्धे-अर्धे तास आहेत. ते कुठे घालायचे हे ठरवायचा आपल्याला हक्क आहे.

हे काही आम्हीच म्हणतो असं नाही. आपल्या देशात ग्रंथालयांची घडी ज्यांनी बसवली ते डॉ. एस. आर. रंगनाथन. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला एक सांगतो की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक असतो. आणि दुसरा एक सांगतो की वाचकाचा वेळ वाचवला पाहिजे. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या वेळाची किंमत केली, तर आपण का करू नये?

आणखी एक समजूत असते. “तीस पानं वाचून झाली, आता सोडलं तर ती फुकट गेली.” गटात धंद्याचा हिशेब करताना आपण असं बोलत नाही. मसाल्यात पाच हजार गेले आणि माल उठत नाही, तर आपण काय बघतो? गेलेले गेले, आता पुढचे पाच हजार घालायचे की नाही? पुस्तकाचंही तसंच. झालेली पानं झाली. पुढची पानं वाचावीशी वाटतात का, तेवढं बघायचं.

पण मैत्रिणींनो, याचा अर्थ दुसऱ्या पानावर पुस्तक फेकायचं असाही नाही. काही पुस्तकं सुरुवातीला संथ असतात आणि पुढे जीव लावतात. ती लवकर सोडली तर नुकसान आपलंच. म्हणून सोडण्याआधी एक प्रश्न विचारायचा: हे संथ का आहे? आमच्या अनुभवात याची चार-पाच कारणं निघाली. एकेक बघू.

पहिलं कारण: लेखक राब तयार करतोय

भाताचं बघा. राब भाजतो, पेरतो, तीन-चार आठवडे रोपाची वाट बघतो. त्या दिवसांत शेतात दिसायला काहीच नसतं. पण रोपच नसेल तर लावणी कसली करणार? काही पुस्तकं अशीच असतात. पुढे जे घडणार आहे त्यासाठी माणसं, घरं, नाती, गाव हे सगळं आधी पेरावं लागतं.

‘तुंबाडचे खोत’ हे त्यातलंच. आपल्या पोलादपूरवरून कशेडी ओलांडली की खेड तालुका. तिथून जगबुडी नदी वाहते. त्या नदीकाठच्या तुंबाडमधल्या एका खोत घराण्याच्या अनेक पिढ्यांची ही गोष्ट आहे. पेंडसे हे दापोलीजवळच्या मुर्डीचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. १९८७ साली ही कादंबरी दोन खंडांत आली, हजारावर पानांची. एवढ्या पिढ्या सांगायच्या तर सुरुवातीला नावांची गर्दी होणारच. कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाची भावजय, काही उमगत नाही.

आमच्यातल्या ज्या दोघींनी पहिला खंड संपवला, त्यातल्या एकीला विचारलं, तू कशी गं पार झालीस? ती म्हणाली, “नवीन सासरी गेल्यावर काय करतो? पहिल्या महिन्यात कोण चुलत सासरा नि कोण मावससासू, काही कळत नाही. पण आपण घर सोडून जातो का? हळूहळू लागतं कळायला.” तिने शाळेच्या वहीचा एक कागद घेतला होता आणि त्यावर घराण्याचा वेल काढला होता. नाव आलं की कागदावर लिहायचं, रेघ मारून नातं जोडायचं. पन्नास पानांनंतर कागदाकडे बघायची गरजच उरली नाही.

आम्हाला हे फार पटलं. गावातल्या तीन-तीन पिढ्यांच्या सोयरिकी आपल्याला तोंडपाठ असतात. कुणाची आत्या कुठे दिली हे आपण झोपेतही सांगू. अशा बायांना कादंबरीतली नाती कळणार नाहीत, असं कसं होईल? फक्त वेल मांडून घ्यायला हवा.

याच पुस्तकाची एक गंमत सांगतो. ‘तुंबाड’ नावाचा एक भीतीदायक सिनेमा २०१८ साली आला होता. आमच्यातल्या एकीने तो मुलीच्या मोबाइलवर पाहिला होता. ती पहिल्या पानापासून हस्तर कधी येतो याची वाट बघत बसली, आणि तो आला नाही म्हणून तिने पुस्तक मिटलं. सिनेमाची गोष्ट निराळी आणि कादंबरीची निराळी. आपण भलतीच वाट बघत असलो, तर चांगलं पुस्तकही रटाळ वाटतं. म्हणून सुरू करताना पुस्तक कशाबद्दल आहे, हे पाठीमागचा मजकूर वाचून किंवा ग्रंथपालांना विचारून घ्यावं.

मग हा राब चांगला आहे की नुसतीच ओसाड जमीन, हे कसं ओळखायचं? आम्ही एक खूण धरली आहे. पुस्तक मिटल्यावर भाकरी थापताना एखाद्या माणसाची आठवण होते का? “तिचं पुढे काय झालं असेल?” असं मनात येतं का? एका जरी माणसाबद्दल आलं, तरी रोप उगवतंय असं समजावं.

जुन्या काळी पुस्तकं हप्त्याने यायची

संथ वाटण्याचं आणखी एक कारण आहे, ते लक्षात येत नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं. त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः येत होती. यमू नावाची बाई आपल्या लहानपणापासूनची हकिगत स्वतः सांगते, अशी तिची मांडणी आहे. त्या काळच्या बाईच्या वाट्याला काय यायचं ते त्यात आहे.

तेव्हाचा वाचक आठवड्याला थोडंसं वाचायचा. घरात एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. लहानपणाच्या हकिगती रेंगाळल्या तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. आज तीच कादंबरी आपल्या हातात एकदम जाड पुस्तक होऊन येते. आपण ती एका दमात संपवायला जातो आणि दमतो.

म्हणून अशा पुस्तकाचे आपणच हप्ते पाडावेत. बचतीचे नाही का पाडत? एका बैठकीला एक प्रकरण. पुढचं पुढच्या बैठकीला.

दुसरं कारण: चांगला भाग मागे ठेवलाय

काही पुस्तकांत आधी प्रस्तावना असते, मग इतिहास, मग साल-सनावळ्या. जिवंत माणसं मागे असतात. हे माहितीच्या पुस्तकांत जास्त होतं.

आपल्या महाडशी जोडलेलं एक पुस्तक घ्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’. हे १९८९ साली आलं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली आणि २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं. त्या वेळी बाबासाहेब आंबेडकर बायकांशी वेगळं बोलले. त्या चळवळीत उतरलेल्या बायका कोण होत्या, त्यांनी काय सोसलं आणि काय केलं, हे या दोघींनी शोधून काढलं. पुस्तकात आधी चळवळीचा इतिहास येतो, आणि नंतर एकेका बाईची हकिगत.

आमच्या गटात हे पहिल्या पानापासून सुरू केलं तेव्हा दहा मिनिटांत दोघी पेंगल्या. मग आम्ही सरळ मागचा भाग उघडला. एका बाईची हकिगत वाचली, आणि कुणी उठायला तयार होईना. चार जणींच्या हकिगती ऐकून झाल्यावर आमच्यातलीच एक म्हणाली, “आता ते पुढचं वाचा. ही परिषद कुठे भरली, कशी भरली, ते कळू दे.” म्हणजे मघाशी जो भाग रटाळ वाटला, तोच आता हवासा झाला.

मागून सुरू केलं तर पुस्तकाचा अपमान होत नाही. पोथीतही आपण हेच करतो. शिवलीलामृताचे सगळे अध्याय रोज कोण वाचतं? पण अकरावा अध्याय रोज वाचणाऱ्या आज्या घरोघरी आहेत. कादंबरीत मात्र हे जपून करावं. शेवट आधी वाचला तर गोष्टीची गोडी जाते. माहितीचं, आठवणींचं, लेखांचं पुस्तक असेल तर खुशाल मधूनच उघडावं.

तिसरं कारण: भाषा जुनी आहे

महाड तालुक्यात शिवथरघळ आहे. दासबोध तिथे लिहिला गेला असं परंपरा सांगते. वीस दशक, दर दशकात दहा समास, म्हणजे एकूण दोनशे समास. एवढा मोठा ग्रंथ आपल्या आधीच्या बायकांनी ऐकला. त्यातल्या कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. कसा ऐकला? एका वेळी थोडा. एकाने वाचायचं, दहा जणांनी ऐकायचं, अडलं तिथे कुणीतरी अर्थ सांगायचा. आणि सुरुवातीलाच या ग्रंथाचं नाव काय, यात काय सांगितलंय, वाचून काय मिळेल, हे सगळं सांगून टाकलेलं आहे. ऐकणाऱ्याला अंधारात ठेवलेलं नाही.

जुनी भाषा एकटीने, मनातल्या मनात वाचली की अडते. मोठ्याने वाचली की निम्मी आपोआप कळते, कारण ती कानासाठीच लिहिलेली असते. म्हणून भाषेमुळे अडलं असेल तर पुस्तक सोडण्याआधी एकदा मोठ्याने वाचून बघा, आणि सोबत कुणाला तरी बसवा.

चौथं कारण: पुस्तक ठीक आहे, अडचण आपल्याकडे आहे

आता आमच्या त्या वहिनीकडे येतो.

तिने ठरावाची वही सरकवली तेव्हा आम्ही एक केलं. पुढच्या तीन बैठकांत ‘तुंबाडचे खोत’ची तीच पहिली पानं मोठ्याने वाचली. वाचणारी दुसरी होती, ही नुसती ऐकत होती. आणि झालं काय, तर नाती सगळ्यांत आधी हिला कळली. आम्ही अडखळलो की हीच सांगायची, “अगं, हा त्याचा धाकटा. मघाशी नाही का आला?”

म्हणजे समजत सगळं होतं. मग घरी वाचताना काय व्हायचं? विचारल्यावर म्हणाली, “चार ओळी वाचल्या की अक्षरं एकमेकांत जातात. डोकं दुखतं. मला वाटायचं, पुस्तकच अवघड आहे.” तिचं वय बावन्न. पुस्तक ती हात लांब करून धरत होती. आमच्या कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

मैत्रिणींनो, ही चाळिशी. चाळिशीच्या पुढे डोळ्यातलं भिंग ताठ होत जातं आणि जवळचं अंधुक दिसायला लागतं. तो काही आजार नाही, सगळ्यांनाच होतं. सुईत दोरा ओवायला पोराला हाक मारावी लागते, तांदळातले खडे दिसत नाहीत, वाचताना पुस्तक लांब धरावं लागतं, या त्याच्या खुणा. डोळे तपासून जवळचा चष्मा लावला की काम होतं. मोतीबिंदू किंवा दुसरं काही असेल तर तेही तपासणीत कळतं, म्हणून बाजारातून अंदाजाने चष्मा उचलण्याआधी एकदा तपासून घ्यावं. सरकारी दवाखान्यात किंवा गावात येणाऱ्या नेत्रशिबिरात चौकशी करा. आशाताईंना विचारलं तरी त्या सांगतील.

दुसरी अडचण वेळेची. रात्री साडेनऊला सगळं आवरून, दिवसभर वाकून लावणी करून आलेलं अंग घेऊन वाचायला बसलो, तर जगातलं कुठलंही पुस्तक संथच वाटणार. आमच्यातल्या एकीने ‘रात्री कंटाळवाणं’ म्हणून ठेवलेलं पुस्तक दुपारी गुरं चारताना वाचलं, आणि तीन दिवसांत संपवलं. म्हणून एखादं पुस्तक वाईट ठरवण्याआधी त्याला एकदा चांगल्या उजेडात आणि ताज्या डोळ्यांनी भेटावं.

पाचवं कारण: पुस्तकच आपलं नाही

आणि कधी कधी पुस्तकच फसलेलं असतं. तेच तेच सांगतं, पाल्हाळ लावतं, उपदेश करतं. किंवा पुस्तक चांगलं असतं, पण आपल्या आजच्या मनाला लागत नाही. घरात दुखवटा असताना मरणाची गोष्ट नको वाटते. यात ना पुस्तकाचा दोष, ना आपला. अशा वेळी खुशाल सोडावं.

मग किती पानं वाचून बघायची?

अमेरिकेत नॅन्सी पर्ल नावाच्या एक नावाजलेल्या ग्रंथपाल आहेत. त्यांनी वाचकांना एक हिशेब घालून दिला. वय पन्नासपर्यंत असेल तर पुस्तकाला पन्नास पानं द्या. तेवढ्यात मन लागलं नाही तर सोडा. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून आपलं वय वजा करा, उरतील तेवढी पानं द्या. म्हणजे साठीच्या बाईने चाळीस, सत्तरीच्या आजीने तीस. वय वाढतं तसा हातातला वेळ कमी होतो, म्हणून सवलतही वाढते. आमच्या आज्यांना हा हिशेब भलताच आवडला.

पण आपल्याकडे तो तसाच चालत नाही. आपल्यातली एखादी तासाला वीस पानं वाचते आणि एखादी पाच. पन्नास पानं म्हणजे एकीला एक दुपार आणि दुसरीला पंधरा दिवस. म्हणून आम्ही पानांऐवजी बैठका धरल्या. प्रत्येक पुस्तकाला तीन बैठका द्यायच्या. बैठक म्हणजे साधारण अर्धा तास.

पहिली बैठक, एकटीने, चांगल्या उजेडात.

दुसरी बैठक, मोठ्याने. घरातल्या कुणाला ऐकवत किंवा गटात.

तिसरी बैठक, पुस्तक मधूनच उघडून एखादं प्रकरण बघायचं. पुढे काही घडतंय का, बोलणं जिवंत आहे का, एवढंच. गोष्टीचं पुस्तक असेल तर शेवटाकडे जायचं नाही.

तीन बैठका झाल्या की स्वतःला विचारायचं. एक, यातल्या कुणाची तरी मला काळजी लागली का? दोन, मला आधी ठाऊक नसलेलं काही कळलं का? तीन, उद्या पुन्हा उघडावंसं वाटतं का? तिन्हींना ‘नाही’ आलं, तर पुस्तक परत. एखाद्याला जरी ‘हो’ आलं, तरी आणखी तीन बैठका.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. हा नियम मनाने निवडलेल्या पुस्तकांसाठी आहे. कर्जाचा करार, विम्याचा कागद, जमिनीचा दस्त, औषधाची चिठ्ठी, गटाचा ठराव हे कंटाळवाणं वाटलं म्हणून सोडायचं नाही. ते संथ असलं तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. आपल्याला जमलं नाही तर दुसरीकडून वाचून घ्यायचं. पण न वाचता सही करायची नाही.

सोडायचं तर नीट सोडावं

सोडतानाही एक रीत ठेवावी. आम्ही गटाच्या वहीत पुस्तकांसाठी एक पान ठेवलं आहे. पुस्तकाचं नाव, कुठल्या पानावर सोडलं, आणि का सोडलं, एका ओळीत. ‘नावं फार.’ ‘अक्षर बारीक.’ ‘आत्ता नको, दिवाळीनंतर.’ याचे दोन फायदे. एक, पुढच्या बाईला अंदाज येतो. दुसरा, वर्षाने तेच पुस्तक पुन्हा घ्यावंसं वाटलं, तर आपण कुठे होतो ते सापडतं. ‘आत्ता नको’ म्हणून ठेवलेली दोन पुस्तकं आमच्याकडे पुढच्या पावसाळ्यात वाचून झाली.

आणि कुणी पुस्तक सोडलं तर तिला हसायचं नाही. “एवढंही वाचवलं नाही?” असं तर कधीच म्हणायचं नाही. शाळा मध्येच सुटलेल्या बाईला हे वाक्य पुस्तकापासून कायमचं लांब नेतं.

आता वहिनीचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. तिला चष्मा लागला. पहिला खंड तिने पुन्हा मागून घेतला आणि शंभरावर पानं वाचली. मग तो परत आणून दिला. आम्ही म्हटलं, अगं, आता तर डोळे बरे आहेत, आता का? ती म्हणाली, “खोतांच्या घरातलं चांगलं लिहिलंय. पण माझी आजी खोताचं कूळ होती. ती अर्धेलीच्या गोष्टी सांगायची. मला आता खोताच्या माडीवरून नाही बघायचं. मला खळ्यात उभ्या राहिलेल्या बाईची गोष्ट द्या.” खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण घराघरांत त्याच्या आठवणी आहेत, त्या अशा वर येतात. आम्ही तिला ‘आम्हीही इतिहास घडवला’ दिलं.

वहीत तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, पान ११४, मला दुसरं हवं आहे. कारण विचारलं तर म्हणाली, “या खेपेला मी वाचून ठरवलंय.” आणि त्या महिन्याचा ठराव तिनेच वाचला. वाचताना मध्येच थांबली आणि म्हणाली, “व्याजाचा आकडा चुकलाय.” खरंच चुकला होता.

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरात अर्धवट राहिलेलं एखादं पुस्तक असेलच. या आठवड्यात ते बाहेर काढा. त्याला तीन बैठका द्या. मग ठेवा किंवा परत करा, आणि का ते एका ओळीत लिहा. पुढच्या बैठकीत ती ओळ गटात वाचून दाखवा, आणि आम्हालाही कळवा.

येतो आम्ही. काळजी घ्या, नमस्कार.